धोतऱ्याचा रुमाल

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला बेलाच्या जुड्यांशेजारी धोतऱ्याची फुलं आणि काटेरी हिरवी फळं मांडलेली दिसतील. शिलाहारांच्या काळातल्या या देवळात इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. बेल आणि धोतरा शंकराला वाहायचा, हात धुवायचे आणि पुढं सरकायचं. धोतरा विषारी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता त्याच रांगेतल्या माणसांकडं नीट बघा. कुणाच्या डोळ्यात गेल्या महिन्यात नंबर काढण्याआधी थेंब घातले होते आणि घरी जाताना सगळं भगभगीत दिसत होतं. एखादीच्या पर्समध्ये पाळीतल्या पोटदुखीसाठी मेफ्टाल स्पासची पट्टी आहे. आजोबांच्या खिशात दम्याचा पंप. एखाद्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि भूलतज्ज्ञानं त्या वेळी त्याला काय टोचलं याचा त्याला पत्ताही नाही. या सगळ्यांच्या अंगात जे गेलं, ते धोतरा ज्या युक्तीनं माणसाला वेड लावतो, नेमक्या त्याच युक्तीनं काम करतं. विष आणि औषध यांच्यात इथं फरक आहे तो फक्त किती आणि कुठं, एवढाच. त्यातलं ‘किती’ लवकर जमलं. ‘कुठं’ जमवायला मात्र दीडशे वर्षं गेली, आणि खरी गंमत तिथंच आहे.

आधी युक्ती समजून घेऊ. आपल्या मज्जातंतूंची टोकं अवयवांना थेट चिकटलेली नसतात. मध्ये बारीकशी फट असते आणि ती ओलांडायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडलं जातं. अवयवावर त्याच्यासाठी राखीव जागा असतात. रसायन जागेवर बसलं की हुकूम पोचला: लाळ सोड, आतडं आवळ, बाहुली बारीक कर, हृदया, जरा दमानं. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन काय करतं? डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे सांगायला नकोच. ते जागेवर रुमाल टाकतं! रुमाल स्वतः कुठंही प्रवास करत नाही, हुकूम देत नाही, काहीच करत नाही. पण तो पडलेला आहे तोवर खऱ्या प्रवाशाला बसता येत नाही. बस्स, एवढंच. ॲट्रोपिनची सगळी करामत म्हणजे काहीही न करता जागा अडवणं.

आणि नुसत्या जागा अडवण्यानं काय काय व्हावं! लाळ आटते. घाम थांबतो, त्यामुळं अंग तापतं. बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं दिसेनासं होतं. आतडी सुस्तावतात, लघवी अडते, नाडी धावते. आणि रुमाल मेंदूपर्यंत पोचले की माणूस हवेतल्या नसलेल्या वस्तू चिमटीत पकडू लागतो, कपडे चाचपतो, असंबद्ध बडबडतो. हे वर्णन आपल्या भागात पुरातन आहे. १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता, ज्याच्याकडं पुढं अख्खं मुंबई बेट भाडेपट्ट्यानं होतं, त्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात धोतऱ्यावर लिहिलं आहे. घरातली दासी मालकिणीला धोतरा खाऊ घालते, दागिने घेऊन पसार होते, आणि बाई मात्र खुळ्यासारखी हसत बसलेली. चारशे साठ वर्षं उलटली, तरी रेल्वेत ‘अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका’ ही सूचना ऐकू येते ती अशाच चोऱ्यांमुळं.

बरं, झाड हे विष बनवतं कुठं? फळात? पानात? मुळात! हे सिद्ध करण्याची रीत इतकी साधी आहे की मला ती वाचून हसूच आलं. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि धोतरा ही सगळी एकाच घराण्यातली. म्हणून धोतऱ्याच्या बुंध्यावर टोमॅटोचं कलम बांधता येतं. तसं बांधलं, तर वरच्या निरुपद्रवी टोमॅटोच्या पानांतही विष चढतं. उलट टोमॅटोच्या मुळावर धोतरा बांधला, तर तो जवळजवळ निर्विष निघतो. कारखाना जमिनीखाली, माल वर.

एका झाडात माल किती, दुसऱ्यात किती, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, याचा काही नेम नाही. म्हणून धोतऱ्याचं पान चघळून औषध घेणं म्हणजे जिवाशी खेळ. वैद्यांनाही हे माहीत होतं. आयुर्वेदातल्या कनकासवात धोतरा असतो आणि ते दम्यावर देतात, पण ते नुसतं पान नाही, ठरलेल्या मापानं, ठरलेल्या रीतीनं सिद्ध केलेलं असतं. मोजमापाचा प्रश्न कायमचा सुटला तो जर्मनीत. धोतऱ्याचीच युरोपातली नातलग असलेल्या बेलाडोनाच्या मुळांतून माइन नावाच्या औषध विक्रेत्यानं १८३१ मध्ये ॲट्रोपिनचे शुद्ध स्फटिक काढले. आता एक मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. आज आपल्याकडं रुग्णालयात जे मिळतं ते बोटाच्या पेराएवढं काचेचं अँप्यूल असतं. आत एक मिलिलीटर पाण्यासारखं द्रव, त्यात ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन. मिठाचे मोजके कण जेमतेम भरतील एवढं वजन. एवढ्यानं धडधाकट माणसाचं तोंड कोरडं पडतं.

आणि एवढ्यानं घसरलेली नाडीही उठते. यामागची गोष्ट मला फार आवडते. तुमच्या हृदयाला कुणी काहीच सांगितलं नाही, तर ते मिनिटाला शंभरेक ठोके देईल. आपण सत्तर मोजतो, कारण व्हेगस नावाची मज्जा त्याला जन्मभर, झोपेतही, ‘दमानं घे’ असं सांगत असते. ऑपरेशनच्या टेबलावर कधी कधी हे सांगणं अति होतं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत लहान मुलाच्या डोळ्याचा स्नायू जरा ओढला, की चक्क हृदय मंदावतं! डोळा कुठं, हृदय कुठं. सर्जन हात थांबवतात, भूलतज्ज्ञ अँप्यूल फोडतात, व्हेगसच्या जागेवर रुमाल पडतो आणि मॉनिटरवरचा आकडा चढू लागतो.

मज्जा रसायनाच्या भाषेत बोलतात हे मुळात कळलं ते याच व्हेगसमुळं. १९२१ मध्ये ऑस्ट्रियात ग्रात्सला ओटो लोवीनं बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या, कोणतीही मज्जा न चेतवलेल्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. प्रयोगाची कल्पना त्याला म्हणे रात्री स्वप्नात सुचली. उठून कागदावर खरडली तर सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र गडी उठून थेट प्रयोगशाळेत गेला. आणि ॲट्रोपिन दिलेल्या हृदयावर ते पाणी ओतलं तर? काही नाही. रसायन येतंय, पण बसायला जागा नाही. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

आता या रुमालाची सर्वांत अवघड परीक्षा बघू. तिच्यासाठी शहर सोडून शहापूर, मुरबाड, किंवा त्याहून दूर यवतमाळकडं जावं लागेल. शेतात फवारायची कित्येक कीटकनाशकं, प्रोफेनोफॉस वगैरे, सेंद्रिय फॉस्फरसच्या गटातली आहेत. ती करतात काय? ॲसिटिलकोलीनचं काम झालं की त्याला तोडून जागा रिकामी करणारं एक विकर असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो प्रवासी उतरवतो, असा त्याचा झपाटा. कीटकनाशक नेमकं त्यालाच जखडून टाकतं. गाडीत चढणारे चढताहेत, उतरणारं कुणीच नाही. किडा मरतो तो असा, आणि माणूसही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी, आणि सर्वांत वाईट म्हणजे फुप्फुसात स्राव भरत जातो. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. तिथं वापरात आलेल्या औषधांत या गटातलीही होती.

असा रुग्ण आला की डॉक्टर पहिल्यांदा ॲट्रोपिन मागतात. किती? इथं बुद्धी चक्रावते. गर्दी इतकी की टाकलेला रुमाल क्षणात ढकलला जातो, म्हणून आणखी टाकायचे, त्याहून आणखी. रीत अशी की पहिला डोस द्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, छातीला स्टेथोस्कोप लावायचा. अजून खरखर आहे? मग दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. तीन अँप्यूलपासून सुरुवात केली तर हिशेब बघा: तीन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. वीस मिनिटांत ९३ अँप्यूल, जवळपास ५६ मिलिग्रॅम! सिस्टर ट्रेवर वाकून काचेच्या माना टकाटक मोडताहेत, दुसरी सिरिंज भरते आहे, तिसरी मोजणी ठेवते आहे. एवढं ॲट्रोपिन निरोगी माणसाला दिलं तर तो वेडापिसा होईल, जिवावरही बेतू शकेल. इथं तेवढ्यानं माणूस श्वास घ्यायला लागतो. आणि डॉक्टर कशाकडं बघताहेत? बाहुल्यांकडं नाही. फुप्फुसं कोरडी झाली का, नाडी ऐंशीच्या वर आली का, एवढंच. बाहुल्या मागाहून येतील.

तरीही ॲट्रोपिनच्या हातात सगळं नसतं. ॲसिटिलकोलीनसाठी शरीरात दोन तऱ्हेच्या जागा आहेत. ग्रंथी, हृदय, आतडी, श्वासनलिका यांच्यावर एक तऱ्हा आणि हातापायांच्या, छातीच्या स्नायूंवर दुसरी. धोतऱ्याचा रुमाल दुसऱ्या तऱ्हेवर टिकतच नाही. म्हणून विषबाधा झालेल्याच्या छातीचे स्नायू लुळे पडले, तर ॲट्रोपिनचा ढीग ओतूनही उपयोग नसतो, तिथं व्हेंटिलेटरच हवा.

पण हीच उणीव दुसरीकडं वरदान ठरते. नाग चावला की त्याचं विष स्नायूंवरच्या, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेच्या जागा अडवतं. पापण्या मिटतात, मान ढळते, श्वास अडतो. प्रतिसर्पविष तर द्यायचंच, पण जोडीला निओस्टिग्मिन देतात. ते ॲसिटिलकोलीन उतरवणाऱ्या विकराला थोडा वेळ थोपवतं, म्हणजे मुद्दाम गर्दी वाढवतं, जेणेकरून स्नायूंच्या जागा झुंजून परत मिळाव्यात. मात्र गर्दी सगळ्याच अंगात वाढते, हृदयावरसुद्धा. म्हणून निओस्टिग्मिनच्या आधी ॲट्रोपिनचं एक अँप्यूल. ते हृदय आणि ग्रंथी झाकून ठेवतं, स्नायूंना हातही लावत नाही. एकानं पूर आणायचा आणि दुसऱ्यानं तो हव्या त्याच शिवारात वळवायचा! कीटकनाशक जे करतं तेच, पण मोजून आणि सांभाळून. मण्यारीवर ही युक्ती सहसा चालत नाही. तिचं विष मज्जेच्या टोकातच ॲसिटिलकोलीन सुटू देत नाही, मग गर्दी वाढवणार कशाची?

आणि विंचू? कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशातही घाम आणि लाळ पाझरते. बघणाऱ्याला वाटावं, इथंही ॲट्रोपिनच. नको! त्या विषाचा मोठा तडाखा असतो तो दुसऱ्याच, ॲड्रिनलिनच्या बाजूचा. व्हेगसचा उरलासुरला लगाम काढून घेतला तर हृदय आणखी उधळतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन तिथं वापरून दाखवलं आणि विंचूदंशानं मरणाऱ्यांची संख्या कमालीची खाली आणली. २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली.

आता ‘कुठं’चा प्रश्न. ॲट्रोपिन रक्तात शिरलं की सगळीकडं रुमाल टाकत सुटतं. दम्याच्या माणसाची श्वासनलिका सैल करायची आहे, तर त्याला भ्रम का व्हावा? मद्रासकडं पूर्वी दम्यावर धोतऱ्याची चिलीम ओढत. १८०२ च्या सुमारास ही रीत तिथल्या इंग्रजांमार्फत ब्रिटनला पोचली आणि पुढं शंभराहून अधिक वर्षं युरोपातल्या केमिस्टांकडं धोतऱ्याच्या सिगारेटी मिळत होत्या. होय, दम्यावर सिगारेट! दम लागलेला कमी होई, पण तोंड कोरडं, डोळे अंधुक, आणि जास्त ओढली तर डोकं फिरलेलं.

रसायनशास्त्रज्ञांनी यावर जो तोडगा काढला तो मला या सगळ्या गोष्टीतला कळस वाटतो. ॲट्रोपिनच्या रेणूत नायट्रोजनचा एकच अणू आहे. त्याला कार्बनचा एक छोटा तुकडा जास्तीचा जोडला की रेणूवर कायमचा विद्युतभार बसतो. भार असलेला रेणू चरबीच्या पडद्यातून पार होऊ शकत नाही, आणि मेंदूभोवती तर असा पडदा घट्ट विणलेला असतो. संपला प्रश्न! रेणूच्या बाकी अंगाला हात न लावता त्याला मेंदूची बंदी झाली. असं बनलं इप्राट्रोपियम, जे नेब्युलायझरच्या वाफेतून श्वासनलिकेत जातं आणि बव्हंशी तिथंच राहतं. त्याचा पुढचा अवतार टायोट्रोपियम. त्याचा रुमाल तर एकदा पडला की दिवस उलटला तरी उचलला जात नाही, म्हणून आजोबा पंप दिवसातून एकदाच ओढतात. पोटात कळ आली की देतात ते ब्युस्कोपॅन हे धोतऱ्यातल्याच स्कोपोलामिनला असाच भार चढवून केलेलं. भूलतज्ज्ञांचं ग्लायकोपायरोलेटही भारवालं, लाळ आटवतं पण मेंदूला धक्का लावत नाही.

उलट कधी कधी मेंदूतच पोचायला हवं असतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. १९५० नंतर अशा रुग्णालयांत मनोविकारावरची नवी औषधं आली आणि त्यांच्याबरोबर एक भीतिदायक प्रकारही आला. औषध सुरू केलेल्या तरुणाची मान अचानक वाकडी होऊन अडकते, जीभ बाहेर येते, डोळे वर लागतात. घरचे धाय मोकलून रडतात. याचं कारण असं की हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात डोपामिन आणि ॲसिटिलकोलीन एकमेकांना तोलून धरतात. औषधानं डोपामिन दाबलं की दुसरं पारडं जड होतं. मग प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देतात किंवा ट्रायहेक्सीफेनिडिल, आपल्याकडं पॅसिटेन नावानं ओळखीचं, देतात. काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, मान सरळ. बघणाऱ्याला मंत्र घातल्यासारखं वाटतं. पॅरिसच्या शार्कोनं एकोणिसाव्या शतकातच कंपवातावर बेलाडोनातली द्रव्यं वापरली होती, आणि ती का लागू पडतात हे कुणालाही कळण्याच्या कितीतरी आधी ती लागू पडत होती.

मात्र म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूला हे रुमाल फार लवकर जड होतात. सर्दीची जुनी गोळी, लघवीसाठीची गोळी, पोटाची गोळी, प्रत्येक डॉक्टर वेगळा, आणि प्रत्येक गोळी गुपचूप थोडी जागा अडवणारी. अविल किंवा सीपीएमनं झोप येते आणि घसा कोरडा पडतो, त्यात ॲलर्जी आवरण्यापलीकडचा हा हातही असतो. आजी दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्ट झाली, आजोबांची लघवी तुंबली, तर वयाच्या नावानं बोटं मोडण्याआधी गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढं रिकामा करावा. काचबिंदू असेल तर तेही आवर्जून सांगावं.

शेवटी डोळ्यांकडं येऊ, कारण सध्या या रेणूची सर्वांत ताजी गोष्ट तिथं घडते आहे. तपासणीआधी घालतात ते ट्रॉपिकामाइड, चार-सहा तासांत उतरणारं. ॲट्रोपिनचा एक टक्क्याचा थेंब घातला तर बाहुली आठवडा-दोन आठवडे पसरलेली राहते. दूरचं न दिसणाऱ्या मुलांचा नंबर या थेंबानं वाढायचा मंदावतो, हे पूर्वीच लक्षात आलं होतं. पण पंधरवडाभर उन्हात डोळे मिटून बसणार कोण? सिंगापूरच्या संशोधकांनी पातळ थेंब करून बघितले, आणि सर्वांत पातळ, ०.०१ टक्क्याचा, त्यात जवळजवळ तुलनेपुरता ठेवला, कारण इतक्यानं काय होणार! २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन वर्षांत त्यानंही नंबराची वाढ मंदावलेली दिसली. थेंब बंद केल्यावर तर कडक थेंबांच्या मुलांचा नंबर उसळून वर गेला, पातळवाल्यांचा तेवढा नाही. नंतर हाँगकाँगमधल्या अभ्यासात ०.०५ टक्क्याचा थेंब अधिक गुणकारी ठरला. आता हे पातळ थेंब डोंबिवली-कल्याणच्या नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरही दिसतात. मूल रात्री झोपताना एक थेंब घेतं आणि सकाळी शाळेत फळा वाचतं.

ते काम कसं करतं? पहिल्यांदा सगळ्यांनी म्हटलं, जवळचं बघताना ताणला जाणारा डोळ्यातला स्नायू सैल पडतो, म्हणून. मग कुणीतरी कोंबडीची पिलं घेतली. पिलाच्या डोळ्यात तो स्नायू वेगळ्याच घडणीचा असतो. त्याच्यावर दुसऱ्या तऱ्हेच्या जागा असतात, जिथं ॲट्रोपिनचा रुमाल टिकतच नाही. तरीही ॲट्रोपिननं पिलांचा ऱ्हस्वदृष्टिदोष थांबला! म्हणजे स्नायूचा काही संबंध नाही. आता संशय आहे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आणि पांढऱ्या कवचावर. डोळ्याच्या गोलाची लांबी किती वाढू द्यायची हे तिथून कुठून तरी ठरतं आणि त्या निरोपात हा रेणू आडवा येतो. नेमक्या कोणत्या जागेवर, यावरून प्रयोगशाळांमध्ये अजून वाद चालू आहेत. काहींचं तर म्हणणं असं की ती जागा ॲसिटिलकोलीनची नसेलच.